आधी हिला लावून बघा

"करंट बसंल का वो?"

मी जालन्यात, स्टेशनकडच्या एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून नोकरी केली आणि पेशंटनी मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हा आहे. डॉक्टरांना लोक विचारतात, बरा होईल ना? औषधवाल्याला विचारतात, गोळी जेवणाआधी का नंतर? मला करंटचं विचारतात.

कारण माझ्याकडे एक यंत्र होतं. जेवणाच्या डब्याएवढी पेटी आणि तिला जोडलेल्या वायरी. पेशंटला पाठीवर सरळ निजवायचं, हात अंगापासून थोडे लांब, दोन्ही पायांत अंतर. अंगावरचं धातूचं काही असेल ते काढायचं. हाताच्या पंज्यावर आणि पायाच्या पंज्यावर चिकट पट्ट्या लावायच्या, त्यांना वायरींचे चिमटे जोडायचे आणि बटण दाबायचं. अंगातून अगदी बारीक वीज जाते. मुंगी चालल्याइतकंसुद्धा जाणवत नाही. स्नायूंमध्ये पाणी भरपूर असतं, तिथून ती सहज पुढे सरकते. चरबी तिला अडवते. ती कुठे किती अडली यावरून पेटी अंदाज बांधते, की या माणसात पाणी किती, मांस किती, चरबी किती. शेवटी ती एक कोन सांगते, वीज आत किती रेंगाळली त्यावरून काढलेला. तो कोन चांगला असला तर आतल्या पेशी धडधाकट आहेत असं समजायचं. तो घसरला, तर वरून काहीही दिसो, घर आतून पोकळ व्हायला लागलेलं असतं.

वजनकाटा असताना हे कशाला, असं मला नव्या डॉक्टरांपासून ते वॉर्डातल्या मावशींपर्यंत सगळ्यांनी विचारलं आहे. मी सांगायची, काटा गोणीचं वजन सांगतो. आत ज्वारी आहे, भुसा आहे, का गोणी नुसती भिजून जड झालीय, हे काटा सांगत नाही.

मंठ्याच्या बाजूचे एक गृहस्थ काविळीनं आमच्याकडे होते. लिव्हर खराब झालेलं. त्यांचा धाकटा भाऊ एकदा पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या खोलीत आला. "मॅडम, दादाचं वजन भरून राह्यलं. घ्या." मी पेढा हातात धरून उभी राहिले. दादांचं पोट पाण्यानं तट्ट फुगत चाललं होतं आणि त्या पोटाच्या आड मांड्या, दंड, खांदे विरघळत होते. आनंदानं आलेल्या माणसाला हे कोणत्या शब्दांत सांगायचं, ते कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. मी सांगितलं. तो पुडा तिथेच टेबलावर ठेवून गेला.

असे धक्के पचवायची सवय लागते. कुपोषण म्हणजे बरगड्या दिसणारं लेकरू, एवढंच लोकांच्या डोळ्यांसमोर असतं. ते भरल्या अंगाच्या माणसात असतं, सुजलेल्या माणसात असतं, हे मी इतक्या वेळा पाहिलं होतं, की आपल्याला आता काही नवीन दिसणार नाही असं मला वाटू लागलं होतं. मग गयाबाई आल्या.

गयाबाई राजूरजवळच्या एका खेड्यातल्या. घर खाऊनपिऊन सुखी. शेती, दावणीला म्हशी, आणि गणपतीच्या देवळाच्या रस्त्यावर हार-नारळाचं दुकान. शेत सुनेकडे, दुकान मुलाकडे आणि सगळ्यांवर नजर गयाबाईंची. त्यांना साखरेचा आजार होता. पायात बाभळीचा काटा मोडला, तो कळलाच नाही, आणि कळला तोवर तळपाय सडला होता. आमच्या सर्जननी तो साफ केला. पण जखम भरायचं नाव घेईना. तिच्यावर मांडीची कातडी लावायची होती, आणि खालचं मांस लालसर वर येत नाही तोवर कातडी धरत नाही. सर्जननी मला बोलावून घेतलं. "बाई चांगली ठणठणीत दिसते, पण आतून काहीतरी कमी पडतंय. तेवढं बघा."

उन्हाळा लागला होता. वॉर्डातले पंखे नुसती गरम हवा ढवळत होते. मी पेटी घेऊन गेले तेव्हा गयाबाई खाटेवर बसून शेजारच्या पेशंटला मूग कसे शिजवावेत ते सांगत होत्या. चांगल्या उंच्यापुऱ्या, भरदार बाई. आवाज असा, की पलीकडच्या पुरुष वॉर्डात ऐकू जावा.

"मला कुपोषण?" त्या माझं बोलणं ऐकून हसायला लागल्या. "अवं मॅडम, दोन खाटा जोडून द्या म्हनले मी या सिस्टरला. मव्हा दंड बघा."

मी पेटी उघडली, वायरी सोडवल्या आणि त्यांचं हसू एकदम थांबलं. त्यांनी पाय ओढून घेतला.

"हे काय हाये? करंट हाये का ह्याच्यात?"

"अगदी थोडा. कळतसुद्धा नाही."

"बिलकुल न्हाई. आमच्या दिराला हिरीवरच्या मोटरीनं धरलं व्हतं. हात चिकटला तो निघालाच न्हाई. मी माझ्या डोळ्यानं बघितलंय. मी न्हाई लावू द्यायची."

त्यांच्या कपाळावर खरोखर घाम आला होता. अशा वेळी मी नेहमी करायची तेच केलं. म्हटलं, "मी स्वतःला लावून दाखवते. मग तर झालं?"

"तुम्हाला सवय हाये," गयाबाई म्हणाल्या. वॉर्डभर नजर फिरवून त्यांनी खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या सुनेकडे बोट केलं. "आधी हिला लावून बघा. हिला काय झालं न्हाई तर मंग मला लावा."

सुनेचं नाव सविता. तिला मी रोज बघत होते, म्हणजे बघत नव्हतेच. सासूला लघवीचं भांडं देणारी, पाणी आणणारी, ड्रेसिंगच्या वेळी सासूचा हात धरून उभी राहणारी एक गप्प बाई. साडीवर नवऱ्याचा फुलबाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेला. आमच्याकडे शेतात जाणाऱ्या बाया असा शर्ट घालतातच, उन्हानं आणि कापसाच्या बोंडांनी हात सोलून निघू नयेत म्हणून. तो वॉर्डात, एवढ्या उकाड्यात अंगावर कशाला, हे ना मला सुचलं, ना आणखी कुणाला. चेहरा तर गोल, भरल्यासारखा दिसायचा.

"मला नगं," ती हळूच म्हणाली.

"नीज की. घडीभर निजायचं तर हाये," सासूनं फर्मावलं.

शेजारची खाट रिकामी होती. सविता आडवी झाली. फरजाना सिस्टर मदतीला आल्या. मी पायाला पट्ट्या लावायला गेले तर पाऊल सुजलेलं. जोडवी मांसात रुतली होती, साबण लावून काढावी लागली. दिवसभर उभी राहत असेल, असं मी मनाशी म्हटलं. मग मनगटाचं बटण काढलं आणि बाही वर सारली.

मी बाही सारत गेले आणि हात संपेचना, म्हणजे जाड व्हायचाच नाही तो. मनगट जेवढं होतं, तेवढाच कोपराच्या वरचा भाग. दंडाभोवती मी अंगठा आणि बोट नेलं, तर ते सहज एकमेकांना टेकले. त्वचा आतल्या हाडावर सैल पडलेल्या कापडासारखी सरकत होती. मी फरजानाकडे पाहिलं. तिनं तोंडावर हात धरला होता.

बटण दाबलं. आकडे आले. मला वाटलं, पट्टी नीट चिकटली नाही. नवीन पट्ट्या लावल्या, परत बटण दाबलं. तेच आकडे. मग मी खुर्चीवरून उठून पलीकडच्या खाटेवर आडवी झाले आणि फरजानाकडून स्वतःला पट्ट्या लावून घेतल्या. माझं सगळं जसं असायचं तसं आलं.

"बाजी, मशीन तो ठीक है ना?" फरजानानं कानाशी येऊन विचारलं. ती मला बाजी, म्हणजे मोठी बहीण, म्हणायची.

मशीन ठीक होतं. आणि अंगावर सूज असली की हे यंत्र थोडं फसतं, पाण्याला मांस समजतं. त्यामुळे मांसाचा आकडा खऱ्यापेक्षा बरा दिसतो. म्हणजे माझ्यापुढे आला होता तो बरा दिसणारा आकडा होता. आणि तसा कोन मी दवाखान्यात अतिदक्षता विभागातल्या, नळ्या लावलेल्या पेशंटमध्ये पाहिला होता. ही बाई तर आत्ताच बाहेरच्या नळावरून पाण्याची बादली भरून घेऊन आली होती.

"काय गं, बसला का करंट?" गयाबाईंनी विचारलं.

"न्हाई आत्याबाई," सविता म्हणाली. बाही खाली ओढली, बटण लावलं आणि पायथ्याशी जाऊन उभी राहिली.

"मंग लावा मला," गयाबाई म्हणाल्या आणि निवांत आडव्या झाल्या. मी त्यांना पट्ट्या लावल्या. त्यांचेही आकडे सांगण्यासारखे होते. भरदार अंगात चरबीच जास्त, स्नायू कमी, जखम भरायला लागणारी शिदोरी नाही. एरवी मी त्यावर त्यांच्याशी बोलत बसले असते. त्या दिवशी मी काय बोलले ते मला आठवत नाही.

थोड्या वेळानं, "आत्याबाईंच्या जेवणाचं सांगायचंय" असं म्हणून मी सविताला माझ्या खोलीत नेलं. चहा मागवला आणि बिस्किटांचा पुडा पुढे ठेवला.

आमच्या कामात माणूस काय खातो हे थेट विचारून उपयोग नसतो. सगळे "बराबर खातो" म्हणतात. म्हणून सकाळी उठल्यापासून सुरुवात करायची, एकेक गोष्ट विचारत जायची. सविता सगळ्याला मान हलवत होती. भाकरी? खाल्ली. भाजी? खाल्ली. बोलता बोलता ती बिस्किट चहात धरून राहिली, ते विरघळेपर्यंत. मग तो चिखल झालेला चहा तिनं घोटाघोटानं प्यायला.

मी एक कोरडं बिस्किट मोडून तिच्या हातात दिलं. "हे असंच खा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तुकडा तोंडात टाकला. चावत राहिली, चावत राहिली. गिळायला गेली तशी मान पुढे काढली, डोळे पाण्यानं भरले, एक हात छातीवर गेला. ती उठून कोपऱ्यातल्या बेसिनकडे धावली.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. शर्टाखाली मणके लागत होते, एकेक वेगळा.

"केव्हापासून गं?"

"लई दिस झाले. धाकटी पोटात व्हती तव्हापासून." धाकटी आता शाळेत जात होती. "पयले कोरडी भाकर अडकायची. मंग भात. आता आंबील जाती, दूध जातं, च्या जातो."

"घरात कुणालाच माहीत नाही?"

"मी सगळ्यायच्या मागून जेवते ना. कोन बघतंय?"

"अगं, पण सांगायचं नाही का?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "माझ्या बापाला आसंच झाल्तं. गिळता येईना. गळ्यात गाठ निंघाली. लई हाल झाले, गेला. मला बी तेच झालंय, ठाव हाये मला. सांगून काय व्हनार? पोरी लहान हायेत. जितके दिस काम व्हईल तितके दिस करायचं."

घरातला बाप ज्या रोगानं गेला तोच आपल्याला झालाय, असं या पोरीनं एकटीनं ठरवून टाकलं होतं. कुणाला न विचारता. आणि ती शिक्षा भोगत ती म्हशींची धार काढत होती, कापूस वेचत होती, सासूची उष्टी ताटं धूत होती. दोन म्हशींच्या घरात एक बाई उपाशी मरत होती आणि रोज तिच्या हातचं सगळे जेवत होते.

आमच्या फिजिशियननी तिला तपासलं. पापणी खाली ओढली, आत रंगच नव्हता. नखं चमच्यासारखी खोलगट झालेली. जीभ गुळगुळीत. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी तो लॅबला फोन करून परत विचारला, दुसऱ्या कुणाचा तर नाही ना? मग मला म्हणाले, "ही चालतेय कशी?"

नवरा भागवत राजूरहून आला. मोटारसायकलवरून उतरला तो थेट वॉर्डात. सरळ माणूस, पण त्याला पटेचना. "अवं, ती तर मकाची गोनी पाठीवर घेती. तिला काय झालंय? आईचं सोडून तुम्ही हिच्या मागं कामून लागले?"

आणि सविता दाखल व्हायला तयार नव्हती. "आत्याबाईचं कोन बघंल? आधी त्यायचा पाय व्हऊ द्या." मी समजावलं, फिजिशियननी समजावलं, फरजानानं उर्दूत रागावून पाहिलं. ती एकच वाक्य परत परत म्हणत होती.

गयाबाई सकाळपासून एक शब्द बोलल्या नव्हत्या. वॉर्डात त्यांचा आवाज नाही म्हणून मूगवाली शेजारीणसुद्धा दोनदा येऊन विचारून गेली होती. आता त्या उठून बसल्या.

"भागवत," त्या म्हणाल्या, "हिची बाही वर कर."

"आई, काय लावलंय..."

"वर कर म्हनते ना. काल या मॅडमनं वर केली तव्हा मी पल्याडून बघितलं. म्हनलं, हा हात कोनाचा? महिनाभर हाच हात मला उचलून बसवून राह्यला, मला घास भरवून राह्यला. मला दिसला न्हाई." त्यांचा तो मोठा आवाज फुटला. "कर वर."

भागवतनं बाही वर केली. त्यानं बाही परत खाली केली, अगदी सावकाश, झाकल्यासारखी, आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"हिचा कागद करा," गयाबाई मला म्हणाल्या. "माझ्या शेजारची खाट द्या. मी बघते कशी उठून जाती ती."

सविताला हळूहळू रक्त दिलं. मग घशातून दुर्बीण घालायचा दिवस आला. आत नेताना तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "गाठ निंघाली तर पोरींच्या बापाला आज सांगू नका. आज त्याला गाडी चालवत जायचंय."

गाठ नव्हती. अन्ननलिकेच्या वरच्या टोकाला एक पातळ पडदा आडवा आला होता. दुधावरच्या सायीसारखा. डॉक्टरांनी दुर्बीण पुढे सरकवली आणि त्या धक्क्यानंच तो फाटून गेला. झालं, एवढंच. अंगातलं लोह वर्षानुवर्षं कमी राहिलं तर काही बायकांना असा पडदा येतो. पडदा आला की जेवण कमी, जेवण कमी झालं की लोह आणखी कमी, की पडदा आणखी घट्ट. ज्या गोष्टीला ती मरण समजून बसली होती, ती इतक्या सहज गेली. सुरुवातीलाच कुणी तिला दवाखान्यात आणलं असतं तर गोळ्यांवरसुद्धा भागलं असतं कदाचित.

सविताला हे सांगितलं तर ती हसली नाही, रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "मंग बापाचं?"

"त्यांचं वेगळं होतं गं. तुझं ते नाही."



इथे मला थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण बाहेरच्या माणसाला ती खोटी वाटते. फार दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम पोटभर खाऊ घालायचं नसतं. उपाशी शरीर आपला सगळा कारभार आवरून घेतं. अचानक अन्न आलं, त्यातही गोड, की रक्तातले क्षार पेशींमध्ये ओढले जातात, रक्तात उरतच नाहीत, आणि हृदय अडखळतं. माणूस उपासानं जगतो आणि जेवणानं जातो. म्हणून आम्ही सविताला आधी जीवनसत्त्वं, क्षार, मग पातळ पेज, थोडं दूध, असं मोजून देत होतो. तिला सांगितलं होतं, गयाबाईंना सांगितलं होतं. भागवत त्या दिवशी गावाकडे होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. बायकोला गाठ नाही, हे कळल्यावर तो राजूरच्या गणपतीला जाऊन आला होता. येताना डबाभर शिरा, तुपात थबथबलेला, आणि मोदक. गयाबाईंना ड्रेसिंगला नेलं होतं. त्यानं सविताला आपल्या हातानं भरवलं. तिला घास खाली उतरतोय याचाच एवढा आनंद झाला, की ती थांबेना. शेजारची बाई नंतर सांगत होती, "दोघं बी हासून राह्यले व्हते. मला वाटलं, कशाला बोलावं मधी?"

त्याच्या दुसऱ्या सकाळी मी वॉर्डात शिरले तर सविताच्या खाटेभोवती गर्दी. तिला दम लागला होता, हात थरथरत होते, नाडी कशीही पळत होती. बोलायला गेली तर शब्द तुटत होते. फरजाना ट्रॉली ओढत धावत आली. ट्रॉली खाटेला लागेपर्यंत धीर धरवेना म्हणून भागवतनं तिला दोन्ही हातांवर उचललं. उचलताना त्यानं अंगात जोर आणला होता, जसा मोठ्या माणसाला उचलताना आणतो. त्या जोरानं तो स्वतःच मागे झोकांडला. ती ट्रॉलीवर गेली, अतिदक्षता विभागात गेली, दार बंद झालं. आणि तो तसेच हात पुढे धरून उभा राहिला.

"मॅडम," तो म्हणाला, "हिला वजनच न्हाई वो."

मी त्याला रागवायला तोंड उघडलं होतं. बंद केलं.

"मी तर लाडानं आनलं व्हतं," तो म्हणाला. मग खालीच बसला.

गयाबाई चाकाच्या खुर्चीवर अतिदक्षता विभागाच्या दारात येऊन बसल्या. हलायला तयार नव्हत्या. तिथेच मी त्यांना काय झालं ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे आमी हिला न देऊन मारलं, आन् आता देऊन मारतो का?"

मी म्हटलं, "मरत नाही ती. आत क्षार चढवतायत. बघू."

हे "बघू" मी आयुष्यात पुष्कळ वेळा म्हटलंय. त्या दिवशी ते म्हणताना मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

सविता वाचली. नाडी ठिकाणावर आली, दम कमी झाला, आणि आम्ही पुन्हा चमच्यानं सुरुवात केली. तोवर गयाबाईंमध्ये फरक पडला होता. आधी त्या माझ्या प्रत्येक सांगण्याला नाक मुरडायच्या. मोड आलेली मटकी नको, ताक नको, त्या दुधात कालवायच्या पावडरीचा तर वासच नको. आता ताट आलं की शेवटच्या शितापर्यंत संपवायच्या. "मला जल्दी उभी करा," म्हणायच्या. "हिला करून घालायचं हाये मला." त्यांची जखम लाल झाली, कातडी धरली. सर्जन माझ्याकडे बघून खूश होते. मी काही केलं नव्हतं.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. पेशंटला पट्ट्या लावायच्या आधी त्याच्या उशाशी जी बाई उभी असेल, तिला म्हणायचं, "भ्यायला नको म्हणून आधी तुम्ही झोपा बरं." बायका लाजत, हसत आडव्या व्हायच्या. पुढे काय दिसायचं ते मी इथे लिहीत नाही. काही तपासण्यांना पाठवल्या, काही "आमाला काय धाड भरलीय" म्हणत निघून गेल्या. सोबत आलेल्या माणसाला तपासायची दवाखान्यात सोय नव्हती, आणि मी निवृत्त झाले तेव्हाही ती नव्हती. याचा सल मला अजून आहे.

पावसाळा सरल्यावर सासू-सून दोघी दाखवायला आल्या. सविताला मी ओळखलंच नाही. चेहऱ्यावरची ती गोल सूज गेल्यामुळे ती आधीपेक्षा बारीक दिसत होती, आणि होती मात्र दुपटीनं धडधाकट. मी मुठीची ताकद मोजायचं यंत्र हातात दिलं, तर तिनं असं दाबलं की तिची तीच चपापली. पेटीतला तो कोन वर आला होता. मांस आलं होतं. मी एकेक आकडा मोठ्यानं वाचला. गयाबाई प्रत्येक आकड्याला "बराबर" म्हणत होत्या, जणू त्यांनीच शिकवलेला धडा पोर म्हणून दाखवत होती.

"आता त्रास काही?" मी विचारलं.

"न्हाई," सविता म्हणाली. मग सासूकडे बघून, न बघितल्यासारखं करून म्हणाली, "भूक लागती."

"मग चांगलंच आहे की!"

"त्याचंच भ्या वाटतं."

मला कळेना. "भुकेचं? कशाला गं?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. "गिळत नव्हतं तव्हा बरं व्हतं, मॅडम. कोनाला काय मागायची पाळी नव्हती. उरलं तर उरलं, न्हाई तर न्हाई. आता पोटात कालवतं. चारचौघं जेवून व्हईस्तोर दम निंघत न्हाई. मला मागता येत न्हाई. कधी मागितलंच न्हाई मी. माहेरी बी न्हाई."

मी पेटीच्या वायरी गुंडाळायला घेतल्या.

गयाबाई काठीवर दोन्ही हात ठेवून बसल्या होत्या. खाली मान घालून.

मग त्या म्हणाल्या, "माग."

सवितानं वर पाहिलं.

"मला माग. आत्ता, हितं. म्हन, आत्याबाई, भूक लागली."

सविताचे ओठ हलले. आवाज आला नाही.

"मोठ्यानं," गयाबाई म्हणाल्या.